बातमी, पाहणी आणि 'बाई' : सुमित्रा भावे यांची वाटचाल

आपली तुकडी मार्च १९८५ मध्ये दहावीला बसली. 'आपण शाळा सोडली तेव्हाचे पुणे' असा एक विभाग स्मरणिकेत असावा असे संपादक मंडळाने ठरवले आणि मी आयुष्यभर इतिहास शिकवला म्हणून एक लेख माझ्या वाट्याला आला. त्या वर्षीच्या पुण्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मी मात्र एकच गोष्ट निवडली आहे. ती त्या वेळी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर आली असेल. त्याच वर्षी पुण्यातल्या बेचाळीस वर्षांच्या एका समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी, सिनेमाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नसताना, एक लघुपट तयार केला. लघुपटाचे नाव 'बाई' आणि करणाऱ्या सुमित्रा भावे.

पुढे त्या मराठीतल्या फार महत्त्वाच्या चित्रपट दिग्दर्शक झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' यांतले एखादे तरी नाव प्रत्येकाच्या ओळखीचे असेल. पण त्यांची सुरुवात कॅमेऱ्यामागे झाली नाही, ती मायक्रोफोनसमोर झाली. आकाशवाणीवर बातम्या वाचणारी एक तरुणी पुढे माहितीपट आणि लघुपटांची निर्माती कशी झाली, याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

बातम्यांचा आवाज

सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात झाला. शालेय शिक्षण आगरकर हायस्कूलमध्ये, पदवी फर्ग्युसन महाविद्यालयातून आणि पुढे पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत एम. ए. त्यानंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी ग्रामीण कल्याणाचा अभ्यासक्रम केला. १९६५ च्या सुमारास त्या दिल्लीत आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचत होत्या.

१९६५ हे भारत-पाकिस्तान युद्धाचे वर्ष. टेलिव्हिजन तेव्हा फक्त दिल्लीत होता, तोही १९५९ पासून प्रायोगिक स्वरूपात. महाराष्ट्राला बातमी कळायची ती वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून. 'आकाशवाणी' हा शब्द आणि त्यापाठोपाठ वाचणाऱ्याचे नाव ऐकू आले की घराघरांत गप्पा थांबत. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा, पण आपले आईवडील आणि आपले शिक्षक त्या आवाजांवरच वाढले.

बातम्या वाचणे हे एक वेगळे शिक्षण असते. दहा मिनिटांत जग बसवायचे. वाक्य असे हवे की एकदा ऐकून समजावे, कारण श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. स्वतःचे मत आवाजात उमटू द्यायचे नाही. या शिस्तीत एक मर्यादाही आहे. वाचणारा बोलतो आणि लाखो लोक ऐकतात, पण त्या लाखोंचे काहीच वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात टेलिव्हिजन आला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा. नंतर सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. 'आमची माती, आमची माणसं', 'ज्ञानदीप', 'गजरा', 'छायागीत' हे आपले बालपण. त्या पडद्यावर बातम्या वाचणारे चेहरे घरच्यांसारखे झाले होते. पुण्याची स्मिता पाटील तिथूनच श्याम बेनेगलांच्या चित्रपटांत गेली. प्रदीप भिडे यांनी बातम्यांनाच आयुष्य दिले. पुण्यातच वाढलेल्या सई परांजपे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दिल्ली दूरदर्शनवर निर्मात्या म्हणून गेल्या आणि तिथून 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' या चित्रपटांपर्यंत पोचल्या. त्यांनीही पुढे माहितीपट केले.

म्हणजे प्रसारणातून चित्रपटाकडे जाणारी वाट त्या काळी अगदीच अनोळखी नव्हती. सुमित्राताईंची वाट वेगळी ठरली, कारण बातम्यांचा मायक्रोफोन सुटल्यापासून चित्रपट हातात येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला आणि तो त्यांनी वर्गात आणि वस्त्यांमध्ये घालवला.

वही घेऊन वस्तीत

पुण्यात परतल्यावर त्यांनी कर्वे समाजसेवा संस्थेत सुमारे दहा वर्षे अध्यापन केले. आपल्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत, त्यामुळे दहा वर्षे शिकवणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. समाजकार्याच्या शिक्षणात निम्मे शिकणे वर्गाबाहेर असते. विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवायचे, त्यांनी आणलेल्या नोंदी वाचायच्या, आणि 'हे त्या बाई म्हणाल्या की हे तुला वाटले?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, असे ते काम. नंतर त्यांनी 'कास्प' या संस्थेत समाजविकासाचे काम केले आणि पुण्यातल्या 'स्त्रीवाणी' या संस्थेसाठी संशोधन केले.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि त्याला जोडून संयुक्त राष्ट्रांनी स्त्री दशक जाहीर केले. १९८५ च्या जुलैमध्ये नैरोबीच्या जागतिक परिषदेने त्या दशकाचा आढावा घेतला. या दहा वर्षांत भारतात स्त्रियांवर जेवढ्या पाहण्या झाल्या, तेवढ्या आधी कधी झाल्या नसतील. महाराष्ट्रात आणि विशेषतः पुण्यात स्त्रियांच्या चळवळी, अभ्यासगट, नियतकालिके यांनी जोर धरला होता. प्रश्नावल्या भरल्या जात होत्या, अहवाल छापले जात होते.

सुमित्राताईंच्या संशोधनाचा रोख आकड्यांपेक्षा बाईच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेवर होता. ती स्वतःला कोण समजते? आपल्या आयुष्याची गोष्ट ती कशी सांगते? या कामातून आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे एक पुस्तक तयार झाले. गेल ऑम्वेट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९८८ मध्ये दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने तो 'पॅन ऑन फायर' या नावाने प्रसिद्ध केला. या पुस्तकात स्त्रिया स्वतः बोलतात. आठ बायका, आठ आयुष्ये, त्यांच्याच तोंडून.

इथेच तो प्रश्न उभा राहिला, ज्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. हा अभ्यास कोण वाचणार? प्राध्यापक वाचतील, संस्था वाचतील, अनुदान देणारे वाचतील. पण ज्या बायकांनी आपले आयुष्य उलगडून सांगितले, त्यांच्यातल्या अनेकींना वाचता येत नव्हते. म्हणजे त्यांच्याकडून घेतलेली गोष्ट त्यांच्याकडे परत जाण्याची सोयच नव्हती. बातमीपत्रात बोलणारा एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे असतात. संशोधनातही तसेच घडत होते, फक्त दिशा उलटी होती. बायका बोलत होत्या, अभ्यासक ऐकत होते, आणि ऐकलेले भलतीकडेच जात होते.

चित्रपट हा त्यावर त्यांना सापडलेला उपाय होता. चित्र पाहायला अक्षरओळख लागत नाही.

'बाई' : १९८५

आज हातातल्या फोनवर चित्रण होते, म्हणून त्या वेळची अडचण आठवून पाहणे बरे. सोळा मिलिमीटर फिल्मच्या चारशे फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटांचे चित्रण होते. कच्ची फिल्म विकत घ्यायची, ती प्रयोगशाळेत धुऊन आणायची, मग संकलन, मग आवाज जोडायचा. चित्रण कसे झाले हे त्याच दिवशी पाहता येत नसे. प्रत्येक फूट पैसे खात असे.

पुणे हे तसे सिनेमाचेच गाव. 'प्रभात' १९३३ मध्ये इथे आली. 'प्रभात'च्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच उभे राहिले. १९७४ मध्ये टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणाचा विभागही दिल्लीहून पुण्याला आला. तरी बेचाळिसाव्या वर्षी एखाद्या बाईने संशोधनाच्या कागदांतून उठून थेट लघुपट करावा, हे याही गावात रोज घडणारे नव्हते.

माहितीपट म्हटला की आपल्या पिढीला चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवली जाणारी फिल्म्स डिव्हिजनची रिळे आठवतात. ती संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिने देशाचा फार मोठा दृश्य इतिहास जतन केला, यात शंका नाही. पण त्यातल्या अनेक फिल्मांत पडद्यावर शेतकरी, मजूर, बायका असत आणि बोलत असे तो एक भारदस्त निवेदक. धरण किती उंच, पीक किती वाढले, कुटुंब किती लहान असावे, हे सगळे तोच सांगे. पडद्यावरची माणसे हसत, चालत, काम करत, पण बोलताना क्वचितच दिसत.

'बाई'मध्ये झोपडवस्तीतल्या एका स्त्रीची कहाणी आहे. तिच्या आयुष्यातले कष्ट, मार आणि त्यातून स्वतःच्या पायावर उभे राहणे. लघुपटाला त्या वर्षीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कुटुंबकल्याण विषयावरील सर्वोत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या विभागाचे नाव वाचून गंमत वाटते, कारण 'कुटुंबकल्याण' म्हटले की आपल्याला लाल त्रिकोणच आठवतो. इथे मात्र कुटुंबाचे कल्याण त्या कुटुंबातल्या बाईच्या नजरेने पाहिले गेले.

नावाबद्दल दोन शब्द. आपण 'बाई' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारत होतो. वर्गात 'बाई आल्या' म्हणताच उभे राहायचे. घरी 'बाई आल्या' म्हणजे धुण्याभांड्यांना येणाऱ्या. तिसरीकडे 'बाईची जात' असा तोच शब्द ऐकू यायचा. एकाच शब्दात आदरही होता, कामही होते आणि हिणवणेही. सुमित्राताईंनी तो शब्द विशेषण न लावता जसाच्या तसा शीर्षकात ठेवला. मराठी माणसाला त्या दोन अक्षरांत आपले समाजशास्त्र दिसावे, एवढे ते नेमके आहे.

निर्माती म्हणून

'बाई'च्या वेळेपासून सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर होते. पुढे त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण घेतले. एकीकडे समाजाचा अभ्यास, दुसरीकडे सिनेमाचे तंत्र, अशी ही जोडी जमली ती अखेरपर्यंत टिकली. त्यांच्या संस्थेचे नाव 'विचित्र निर्मिती'. नावात 'चित्र' आहे आणि चारचौघांपेक्षा वेगळे असण्याची मिश्किल कबुलीही आहे.

१९८७ मध्ये 'पाणी' आला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'मुक्ती', 'चाकोरी' आणि इतर अनेक लघुपट. 'चाकोरी'त नवऱ्याने टाकलेली एक बाई सायकल शिकते. आपल्या वर्गातल्या मुली सायकलवरून शाळेत येत, ते पुण्यात इतके नेहमीचे होते की त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. गावातल्या टाकलेल्या बाईसाठी मात्र तीच सायकल म्हणजे घराच्या उंबऱ्यापलीकडचे जग होते. अशी वस्तू शोधून काढणे हा वस्तीत वही घेऊन फिरलेल्या माणसाचा गुण आहे. अशा लघुपटांची संख्या पुढे पन्नासच्या वर गेली. शिवाय दूरदर्शनसाठी मालिकाही झाल्या.

निर्माती होणे म्हणजे नुसते कथा सुचणे नव्हे. विषयासाठी संस्था शोधायची, तिला पैशांचा हिशेब द्यायचा, तिच्या प्रचारकी अपेक्षा सांभाळायच्या आणि तरी माणूस हरवू द्यायचा नाही. सुमित्राताई पटकथा स्वतः लिहीत, कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही पुष्कळदा स्वतःच करत. त्यात काटकसर होतीच. पण घरातले भांडे कुठे ठेवलेले असते, लुगड्याचा पदर कामाच्या वेळी कसा खोचतात, हे त्यांना पाहून पाहून ठाऊक झालेले होते.

१९९५ मध्ये 'दोघी' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यानंतर जे चित्रपट झाले, त्यांत जुना माहितीपटकार लपत नाही. 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियावर आहे आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा त्यात मोठा वाटा आहे. या आजाराचे नाव घरात उच्चारायलाही लोक कचरत, अशा काळात तो आला. 'एक कप च्या' हा २००९ चा चित्रपट. त्यातल्या एस. टी. कंडक्टरला विजेचे भलतेच मोठे बिल येते आणि तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेऊन त्याचा जाब विचारतो. मला हा चित्रपट त्यांच्या प्रवासात महत्त्वाचा वाटतो. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ज्या आवाजाने सरकारी माध्यमातून लोकांना माहिती सांगितली, त्याच व्यक्तीने आता सामान्य माणसाला सरकारकडे माहिती मागताना दाखवले.

'कासव'ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ मिळाले. हा मान त्याआधी 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' या चारच मराठी चित्रपटांना मिळाला होता. नैराश्याने ग्रासलेला एक तरुण आणि त्याला प्रश्न न विचारता आसरा देणारी एक स्त्री, एवढीच त्याची गोष्ट. समुद्रकिनारी कासवांची अंडी राखणारी माणसे त्यात आहेत. १९ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या त्या भयंकर महिन्यात, सुमित्राताई पुण्यात गेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. द. बा. मोकाशींच्या कथेवर केलेला 'दिठी' त्यानंतर महिन्याभरात प्रेक्षकांच्या घरी पोचला.

या इतिहासाचे आपण काय करायचे

बातम्यांतून माहितीपटाकडे येणाऱ्यांची आज वाण नाही. चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, त्यांतून कंटाळून बाहेर पडलेले पत्रकार आज स्वतःचे माहितीपट करतात. दीड मिनिटाच्या बातमीत न मावलेली गोष्ट सांगायची असते, वेळ हवा असतो, हे त्यांचे कारण खरे आहे. सुमित्राताईंच्या प्रवासातून मला त्याहून पुढची एक गोष्ट दिसते. केवळ जास्त वेळ मिळाला म्हणून माहितीपट चांगला होत नाही. ज्याची गोष्ट आपण घेतली, त्याच्यापर्यंत ती परत पोचते का, आणि पोचल्यावर तो म्हणतो का, की होय, हे माझेच आहे, यावर त्याची पारख होते.

हे मी या स्मरणिकेत लिहितो आहे त्याला एक कारण आहे. स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपल्या शाळेवर वीस मिनिटांची एक फिल्म करायचे समितीने ठरवले आहे. आराखडा माझ्यापर्यंत आला आहे. त्यात इमारत आहे, मैदान आहे, गुणवत्ता यादीत आलेले मित्र आहेत, परदेशातून संदेश पाठवणारे आहेत, आणि आपले सर व बाई आहेतच. हे सगळे हवेच. पण त्यात काही माणसे नाहीत.

'दहावी फ' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात शेवटच्या तुकडीतली मुले रागाच्या भरात शाळेची नासधूस करतात आणि एक शिक्षक त्यांना स्वतः कष्ट करून ती भरपाई करण्याची वाट दाखवतो. गुणांप्रमाणे तुकड्या आपल्याही शाळेत होत्या. शेवटच्या तुकडीतली बरीच मुले शाळेमागच्या वस्तीतून येत. पाचवीला आपल्याबरोबर दाखल झालेल्यांपैकी सगळे दहावीपर्यंत पोचले नाहीत. मुलींची संख्या तर आठवीनंतर बाकांवरच दिसत होती.

माजी विद्यार्थ्यांची आपली यादी दहावीच्या निकालावरून तयार झाली आहे. त्यामुळे जे मधेच गेले, ते यादीत नाहीत आणि म्हणून आमंत्रणातही नाहीत. पण शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर आहे. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण त्यात ओळीने लिहिलेले असते.

समितीला माझी दोन मागणी आहेत. पहिली, फिल्मची सुरुवात त्या रजिस्टरपासून करावी. आठवीत, नववीत गेलेल्यांपैकी जे याच शहरात असतील त्यांना शोधावे, आणि त्यांची परवानगी असेल तर शाळा त्यांच्या तोंडून ऐकावी. घंटा देणारे मामा आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी यांच्याकडेही त्याच आदराने जावे. दुसरी, फिल्म तयार झाली की ती सभागृहात दाखवण्याआधी ज्यांचे चित्रण केले त्यांना दाखवावी. त्यांनी 'हे काढा' म्हटले तर काढावे.

काम वाढेल, दोन-तीन रविवार जातील. रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, ती मी घेतो. वस्तीत कोण कोण येणार, तेवढे स्नेहमेळाव्याआधी कळवा.